शेळीची फ्रोझन कांडी: अर्धे गोठवतानाच जातात, उरलेले आपल्या हातून नका मारू

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहून शेळ्या पाळतो म्हटलं की नातेवाईक हसतात, पण मेहुण्याचं जवळच डबरा गावाकडे शेत आहे, तिथे दोघांच्या मिळून बावीस शेळ्या आहेत, बहुतेक जमनापारी जातीच्या. म्हणजे इथल्याच म्हणा ना, यमुना-चंबळच्या बीहडातल्या. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा फ्रोझन सीमेन, म्हणजे बारीक नळीत (कांडीत) गोठवलेलं बोकडाचं वीर्य वापरलं, सहा शेळ्यांना कांड्या भरल्या आणि पाच उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या. मेहुणा म्हणे, भावोजी, मालच खराब होता. माल ठीक होता हो, हात आमचा कच्चा होता.

आधी गोठवताना काय होतं ते बघा. वीर्य थंड केलं की शुक्राणूच्या अंगावरच्या पापुद्र्यातली चरबी थिजते, थंडीत तूप थिजतं ना तशीच, आणि पापुद्र्याला भेगा पडतात. मग बाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या द्रवात क्षार घट्ट होतात आणि ते पेशीतलं पाणी ओढून घेतात, आणि गोठवणं फार झटपट झालं तर आतसुद्धा बर्फाचे काटे तयार होतात. म्हणून ग्लिसरॉल घालतात (1949 साली हा शोध लागला, तोही बाटलीच्या लेबलाच्या गोंधळातून), 5 डिग्रीपर्यंत हळूहळू आणतात, मग नायट्रोजनच्या वाफेत आणि शेवटी उणे 196 डिग्रीच्या द्रवात. एवढं करूनही साधारण अर्धे मरतात. जे वळवळताना दिसतात त्यातलेही बरेच अकाली पिकलेले असतात, म्हणजे पोहतात पण फार वेळ टिकत नाहीत.

बोकडाची आणखी एक भानगड आहे. गाई-म्हशींच्या सीमेनमध्ये अंड्याचा पिवळा बलक बिनधास्त घालतात, पण बोकडाच्या वीर्यात एका ग्रंथीतून असं एन्झाइम येतं की ते बलकातलं लेसिथिन (एक प्रकारची चरबी) फोडतं आणि त्यातून जे निघतं ते शुक्राणूंनाच विष. म्हणून एक तर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वीर्य धुऊन घेतात, नाहीतर बलक कमी ठेवतात किंवा सोयाचं लेसिथिन वापरतात. कांड्या घेताना हे विचाराच, आणि वितळल्यावर किती टक्के हलतात तेही. गाई-म्हशींच्या कांडीला आपल्याकडे किमान 50 टक्के लागतात. डुकराचं तर गोठवणं इतकं नाजूक की बहुतेक ठिकाणी ते 17 डिग्रीच्या आसपास पातळच वापरतात.

आता आमची चूक. मेहुण्याने बोकडाचा नंबर वाचायला कांडी चिमट्याने वर काढली, उन्हात धरली, वाचली, परत आत टाकली, मग दुसरी. पाव मिलीची कांडी ती, 45 डिग्रीच्या लूमध्ये तिला तापायला कितीसा वेळ लागणार! उणे 130 च्या वर गेली की आतले बारीक स्फटिक मोठे व्हायला लागतात, नंतर परत बुडवून काही उपयोग नाही आणि बाहेरून कळतही नाही. तेव्हा कोणत्या कॅनिस्टरमध्ये (कांड्या ठेवायच्या उभ्या डब्यात) कोणता बोकड ते वहीत लिहून ठेवा, कॅनिस्टर नायट्रोजनच्या कंटेनरच्या मानेच्या वर आणू नका आणि आठ-दहा सेकंदांत कांडी सापडली नाही तर परत खाली सोडा, थोडं थांबून पुन्हा बघा. नायट्रोजन दर आठवड्याला पट्टीने मोजा, आपल्याकडे उन्हाळ्यात भराभर उडतो. आणि कंटेनर गाडीत असला की काचा थोड्या खाली ठेवाच, बंद गाडीत गुदमरायला होतं, चेष्टा नाही.

वितळवायचं 37 डिग्री पाण्यात, 30 सेकंद, थर्मामीटर लावून. बोट बुडवून अंदाज घेऊ नका, मेच्या दुपारी आमचं टाकीचं पाणीच त्याच्यापेक्षा गरम असतं. कांडी कोरडी पुसा, पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. कापसाच्या बुचाचं टोक गनमध्ये (वीर्य भरायच्या लांब नळीत) घालायचं आणि दुसरं टोक सरळ कापायचं, तिरकं कापलं तर शीथमध्ये (गनवरच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि माल मागे गळतो. गन उन्हात पडलेली नको आणि जानेवारीच्या पहाटे बर्फासारखी गारही नको, आम्ही थंडीत ती स्वेटरच्या आत धरून ठेवतो, बघणारे काहीही म्हणोत. दहा-पंधरा मिनिटांत भरून मोकळं व्हायचं.

वेळ मात्र सगळ्यात महत्त्वाची. शेळीचं बीज माजाच्या शेवटाकडे सुटतं, म्हणजे माज सुरू झाल्यापासून साधारण 30-36 तासांनी, आणि फ्रोझन कांडीतले शुक्राणू फार आधी भरले तर तोवर टिकत नाहीत. म्हणून सकाळी शेपटी हलवत ओरडताना दिसली तर संध्याकाळी भरा, अजून माजावर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत. मग 18 ते 21 व्या दिवसांत ती परत माजावर येते का यावर नजर ठेवा, आणि ती शांत राहिली तरी लगेच पेढे वाटू नका, दीड महिन्याने सोनोग्राफी करून घ्या.