पिकअपचे दणके कमी करायचे तर आधी पाटे उघडा

सासवडहून अंजिराचे खोके भरून निघालेली पिकअप दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डात येते, तेव्हा हौद्यात वजन असतं तीनशे-चारशे किलो. तिचे पाटे (मागच्या ॲक्सलवरच्या स्टीलच्या पट्ट्यांचे स्प्रिंग) मात्र १३०० किंवा १७०० किलोसाठी बांधलेले असतात. एवढ्याशा वजनाला ते लवतच नाहीत. प्रत्येक खड्डा सरळ चेसिसमध्ये जातो, खालच्या थरातलं फळ दबतं आणि ड्रायव्हरची कंबर धरते. तीच गाडी नारायणगावहून २० किलोचे साठ क्रेट टोमॅटो घेऊन आली, तर निम्मेसुद्धा गचके बसत नाहीत.

यावर गॅरेजमध्ये हमखास दोन सल्ले मिळतात: 'हेवी ड्युटी शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) टाका' आणि 'एक पाटा वाढवा'. हलक्या मालाच्या गाडीला दोन्ही चुकीचे आहेत, कारण दोन्हींनी गाडी आणखी कडक होते. खर्च करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. वर्षातले बहुतेक दिवस तुमच्या हौद्यात किती वजन असतं? सस्पेन्शन त्या वजनासाठी जुळवायचं असतं. दिवाळीच्या आठवड्यात एकदा भरलेल्या लोडसाठी नव्हे.

गाडी किती कडक आहे ते मोजा

यासाठी वजनकाटा, टेप आणि ५० किलोची सिमेंटची दहा पोती पुरतात. काट्यावर फक्त मागची चाकं चढवून रिकाम्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचं वजन घ्या. मग सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरचं दबणं त्यात मिसळतं. आता दहा पोती बरोबर ॲक्सलच्या वर रचा आणि पुन्हा मोजा.

समजा, मागच्या ॲक्सलवर ७०० किलो भरले. त्यातले ॲक्सल, ड्रम आणि चाकांचे सुमारे २०० वजा करा, कारण ते पाट्यावर नसतात. पाट्यांवर राहिले ५००. पोत्यांनी हौदा ४० मिमी खाली आला, म्हणजे दर मिलिमीटरला १२.५ किलो. रिकाम्या गाडीचे ५०० किलो भागिले १२.५, म्हणजे पाटा ४० मिमी लवलेला आहे. आता १५.७६ ला या ४० च्या वर्गमुळाने भागा. उत्तर येतं २.५. गाडीचा मागचा भाग सेकंदाला अडीच वेळा वरखाली होतो. माणसाला एक ते दीडच्या आसपास बरं वाटतं. तीनशे किलो माल भरला की हा आकडा २ वर येतो, बाराशे भरला की १.३५ वर. भरलेली गाडी मऊ का चालते, ते या गणितात दिसतं. (हेल्पर पाटे, म्हणजे लोड आल्यावरच टेकणारे जाड पाटे, टेकू लागले की भरलेल्या गाडीचा आकडा थोडा वाढतो, पण अंदाज चुकत नाही.)

टायरची हवा

दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील, तर तेच पाळा. बहुतेक गाड्या बारा महिने लोडच्या हवेवर पळतात आणि बरेच दणके तिथूनच येतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत जाऊन आलेल्या टायरची हवा कमी करू नका. तो थंड झाला की प्रेशर कमी पडेल, आणि कमी हवेत माल भरला की टायरची बाजू तापून फाटते.

पाटे उघडणं

खरं काम इथे आहे. पाट्यांच्या थरांमध्ये शेतातली माती, खडी आणि गंज बसतो. त्याने थर एकमेकांना धरून ठेवतात आणि लहान खड्ड्याला पाटा हलतच नाही. गाडी नुसत्या टायरवर चालते. हे ओळखायला दोन माणसं मागच्या बंपरवर बसवून गाडी दाबा, त्यांना हळूच उतरवा आणि चाकाच्या मध्यापासून हौद्यापर्यंतचं माप घ्या. नंतर तिघा-चौघांनी हौदा वर उचलून हळूच सोडा आणि पुन्हा मोजा. दोन मापांत १० मिमीपेक्षा जास्त फरक पडला, तर शॉकअप बदलून काही मिळणार नाही. थर घासताहेत.

सपाट जागा, पुढच्या चाकांना उटी (सरकू नये म्हणून अडसर), मागून चेसिस जॅकने उचलून घोड्यांवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) ठेवायची आणि ॲक्सलला वेगळा जॅक द्यायचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी जायचं नाही. सगळ्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे ॲक्सल सरकत नाही. शॉकअपचं खालचं टोक सोडवा, यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) काढा, मग शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला टांगणारी कडी) आणि पुढचा पिनबोल्ट. सेट खाली आल्यावर थरांचा क्रम आणि पुढची बाजू खडूने लिहून ठेवा. मध्यापासून दोन्ही टोकं बहुधा सारखी नसतात आणि उलटा बसला की ॲक्सल तिरपा होतो.

सेंटर बोल्ट (सगळे थर मध्यात एकत्र बांधणारा) काढताना घाई नको. थरांची कमान वेगवेगळी असते, त्यामुळे सेट दाबलेल्या अवस्थेतच असतो. बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे सी-क्लॅम्प आवळा, मग बोल्ट काढा आणि क्लॅम्प थोडा इकडचा, थोडा तिकडचा असे आळीपाळीने ढिले करा. एक बाजू एकदम सोडली, तर वरचा पाटा उसळून येतो. तोंड कधीही सेटच्या वर आणू नका.

प्रत्येक थर वायर ब्रशने घासा आणि उजेडात धरून बघा. तडा सहसा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा मेन पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल वेटोळ्याजवळ, पडतो. गंजाची बारीक तांबूस रेघ पुसूनही परत उमटली, तर तो तडाच समजा आणि पाटा बदला. पाट्याला वेल्डिंग करू नका. स्प्रिंग स्टील तापवून, तेलात बुडवून, मग ठरावीक तापमानाला पुन्हा गरम करून तयार केलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता ते सगळं घालवते. बसलेल्या पाट्याला गॅसकटरने तापवून कमान देणं हेही तसंच आहे. गाडी उंच झाल्याचा आनंद दोन-तीन आठवडे टिकतो आणि पाटा पुन्हा बसतो. थंड अवस्थेत प्रेसवर किंवा हातोड्याने सेट करून देणारा पाटेवाला शोधा.

खालच्या थराचं टोक वरच्या थरात खाचा पाडतं, त्या खाचा बाजूच्या थराला अडकवतात. ग्राइंडरने फक्त कडा मोडा, पाटा पातळ करू नका. मग ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा. साध्या ग्रीसला धूळ चिकटून पॉलिश पेपर तयार होतो. जळकं ऑइल पाट्यांवर ओतण्याची पद्धत त्याहून वाईट, कारण ते बुशचं (पाट्याच्या डोळ्यात बसणाऱ्या नळीचं) रबर फुगवतं आणि उडून ब्रेक ड्रमपर्यंत पोहोचतं. जास्त टिकाऊ उपाय हवा असेल, तर थरांच्या टोकांवर कठीण प्लॅस्टिकच्या २–३ मिमीच्या पट्ट्या बसवून घ्या. यू-बोल्टखाली दबणाऱ्या मधल्या भागात मात्र पट्टी येऊ देऊ नका. ती चेपली की यू-बोल्ट ढिला पडतो.

बुश नाना पेठेत घ्यायला जाताना जुना बरोबर न्या. बाहेरचा व्यास, आतली नळी आणि लांबी तिन्ही जुळायला हवं. रबरी बुश बसवताना साबणाचं पाणी वापरा, ग्रीस नको. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच टाका, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही.

जोडणीत सर्वांत जास्त होणारी चूक इथे सांगतो. पिनबोल्ट आणि शॅकलचे नट गाडी घोड्यावर असताना पक्के आवळायचे नाहीत. हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, हौद्यात रोजचं वजन टाका, दोन-चारदा हलवा आणि मगच पूर्ण आवळा. लटकत्या पाट्यावर आवळलेलं रबर गाडी उतरताच पिळलं जातं. ते कायम पिळलेलंच राहतं, पाटा कडक करतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवे बुश टिकत नाहीत अशी तक्रार असते, त्यातल्या बऱ्याच बुशांचं कारण हेच असतं. यू-बोल्टचे चार नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. चारही टोकांना सारखेच आटे बाहेर दिसले पाहिजेत.

पाटा काढायचा की बदलायचा

गाडी मऊ करायला सर्वांत खालचा जाड पाटा काढून टाकतात. रिकाम्या गाडीत तो टेकलेलाच नसतो, त्यामुळे मऊपणा शून्य मिळतो आणि लोडच्या दिवशीचा आधार जातो. मेन पाट्याखालचा दुसरा पाटा तर कधीच काढू नका. डोळा मोडला तर ॲक्सल धरून ठेवणारा तोच असतो.

वजन कायमच कमी असेल, तर कमी थरांचा पॅराबोलिक सेट हा खरा उपाय. त्याचा थर मध्यात जाड, टोकांकडे पातळ असतो आणि थर मध्यात व टोकांनाच टेकतात, म्हणून घासणं फार कमी. तो कारखान्यात बनलेला, तुमच्या मॉडेलचा आणि गाडीच्या मंजूर वजनाचा घ्या. आपल्या उदाहरणात १२.५ ऐवजी मिलिमीटरला ८ किलोचा सेट बसवला, तर तीनशे किलोला आकडा २ वरून १.६ च्या खाली येतो. पण बाराशे किलोला हौदा ९६ ऐवजी १५० मिमी खाली जाईल आणि बंप स्टॉपवर (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर) आदळेल. म्हणून अशा सेटबरोबर हेल्पर लागतो: लवकर टेकणारा, हळूहळू कडक होणारा पोकळ रबरी बंप स्टॉप, नाहीतर एअर बॅग (हवा भरलेली रबरी पिशवी).

एअर बॅग रिकाम्या गाडीतही पूर्ण रिकामी ठेवू नका, साधारण ५ पीएसआय राहू द्या. घडी पडून कातडं चिरतं. डाव्या-उजव्या बॅगच्या नळ्या वेगळ्या ठेवा, नाहीतर वळणावर हवा एका बाजूची दुसरीकडे जाते आणि गाडी कलते. सायलेन्सरपासून १५० मिमी अंतर ठेवा. बॅगने गाडी उंच दिसते, वजन वाहायची क्षमता वाढत नाही. आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भरलं तर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००, हे तसंच लागू राहतं.

शॉकअप

पाटे मोकळे झाल्यावरच शॉकअपकडे वळा. आधी घासण्यामुळे दबलेलं डोलणं आता दिसू लागेल. थकलेले शॉकअप या टप्प्यावर उघडे पडतात. बाहेर तेल ओघळलेलं असेल, किंवा काढून हाताने दाबल्यावर मध्ये कुठे जोर न लागता दांडा सरकत असेल, तर जोडीने बदला. कमी दाबाच्या नायट्रोजनचे दोन नळ्यांचे शॉकअप रोजच्या पिकअपला पुरेसे असतात. लोडसाठी बनवलेले जास्त कडक शॉकअप रिकाम्या गाडीत पाट्याला परत खाली येऊ देत नाहीत.

बसवण्यापूर्वी दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढा. आडवा ठेवल्याने तेलात शिरलेली हवा तशी निघते. लांबीही तपासा. बंप स्टॉप पूर्ण दबला तरी शॉकअपमध्ये किमान १५ मिमी शिल्लक हवेत. आधी शॉकअप टेकला, तर आतला व्हॉल्व्ह फुटतो किंवा वरचा कान तुटतो.

पुढची बाजू थोडक्यात. टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा स्टीलचा दांडा) असलेल्या गाडीत ॲडजस्टिंग बोल्ट आवळून पुढचा भाग 'कडक' करतात, प्रत्यक्षात बार तेवढाच कडक राहतो आणि फक्त उंची वाढते. मग चाक खड्ड्यात खाली जायला जागा उरत नाही आणि वरून ठोका येतो. मॅन्युअलच्या उंचीवर परत आणा आणि अलाइनमेंट करा. विशबोनचे (पुढचं चाक धरणाऱ्या हातांचे) बुश आणि बॉल जॉइंट पहारीने हलवून बघा. इथला खडखडाट लोक नेहमी शॉकअपच्या नावावर टाकतात.

उंची बदलली की ब्रेक तपासा

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली आला आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. नव्या पाट्यांनी मागचा भाग २५ मिमी उंच झाला, तर भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला हलकी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि कात्रज घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर जातो. पाट्याचं काम झाल्यावर ही दांडी मॅन्युअलच्या मापाला सेट करून घ्या. पाटेवाला हे करून देत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं. ब्रेकचा होज चाक पूर्ण लटकल्यावर ताणत नाही ना, ते बघा. साठच्या वेगाला खालून नवा घुमणारा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्याचा) कोन बिघडलेला असू शकतो. हेडलाइटही पुन्हा लावून घ्या. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, म्हणून उंची मूळ मापाजवळच ठेवा, म्हणजे पासिंगलाही अडचण येत नाही.

चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वजनाने, त्याच वेगाने घ्या. सासवड रस्त्याचा एक ठरावीक तुकडा, त्यातले तेच स्पीडब्रेकर. हौद्यात एक रिकामा क्रेट मोकळा ठेवा. आधी तो किती सरकत होता आणि आता किती, हे अंगाला वाटण्यापेक्षा जास्त खरं सांगतं. पहिल्या १०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळा, ५०० किमीनंतर आणखी एकदा. नवे थर बसतात आणि तेवढ्यात नट आणखी थोडे फिरतात. पावसाळ्यानंतर पाटे प्रेशरच्या पाण्याने धुवून टोकांना ग्रॅफाइटचा स्प्रे मारा.