कोकणातली पद्मिनी, सोलापूरची अँबेसेडर: जुन्या गाडीच्या गंजाबाबत या चुका टाळा

बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा असा रंग होता. रत्नागिरीकडच्या मालकाकडून मी ती पद्मिनी घेतली ती या रंगावर भाळूनच. पुण्यात आणल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं. खालचं गोणपाटासारखं फेल्ट हाताला ओलसर लागलं. पत्र्यावर अंगठा दाबला तर तो आरपार गेला आणि भोकातून गॅरेजची फरशी दिसली. महिना मार्चचा. पाऊस जाऊन पाच महिने झाले होते.

या पाच महिन्यांचा हिशेब बहुतेक जण धरत नाहीत. पाऊस किती पडला, यापेक्षा पत्रा किती तास ओला राहिला आणि त्या ओलीत मीठ किती होतं, यावर गंज ठरतो. धातूवर हवेचा परिणाम मोजणारे लोक ‘ओलेपणाचे तास’ मोजतात: तापमान शून्याच्या वर आणि आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असलेला वेळ. अलिबागला महाबळेश्वरच्या निम्म्यानेही पाऊस होत नाही. तरी महाबळेश्वरच्या गाडीत आधी सीटला बुरशी धरते आणि अलिबागच्या गाडीची आधी चाळण होते, कारण मीठ. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच मडगार्डच्या आतल्या बाजूला होतं. साधं मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे दुपारी कोरडा ठणठणीत वाटणारा पत्रा मिठाखाली ओलाच असतो.

पावसाळा संपला, आता निर्धास्त

किनाऱ्यावरची ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. पावसाचं पाणी टप आणि बॉनेटवरचं मीठ धुऊन नेतं. मडगार्डच्या पोटात, हेडलाइटच्या वाटीमागे, दरवाजाच्या तळाशी मात्र ते पोचत नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत खारं वारं तिथे थर चढवत राहतं आणि पहाटेचं दव त्याला रोज पाणी पाजतं.

किनाऱ्याजवळ गाडी ठेवत असाल तर या कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा तरी तिचं पोट धुवा. पाइप खालून वर धरायचा, चाकाच्या कमानीतला चिखल बोटाने उकरून काढायचा आणि मग गाडी उन्हात फिरवून आणायची. पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ चोळणंच. काशीद किंवा दिवेआगरला वाळूवर गाडी नेऊन फोटो काढायची हौस असेल, तर त्यासाठी मित्राची नवी गाडी मागा.

ताडपत्री

घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली रात्री जमिनीतली ओल वर येते, थंड पत्र्यावर थेंब धरतात आणि सकाळी बाहेर पडायला वाट नसते. चारी बाजूंनी उघडी, वर फक्त पत्र्याचं छप्पर असलेली शेड बंद गॅरेजपेक्षा बरी. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळणाऱ्या कापडाचं घाला, तेही गाडी कोरडी असताना. ओली गाडी बंद गॅरेजात लावून शटर ओढणं हीही त्यातलीच चूक.

कोरड्या मुलखातली गाडी, म्हणून बिनघोर

सोलापूर, लातूर, नगरकडची अँबेसेडर मिळाली की लोक फार खूश होतात. पत्रा खरंच चांगला असतो. मात्र तिथलं ऊन रबराला सोडत नाही. काचेच्या रबरांना भेगा, वायरिंगचं आवरण कडक होऊन तुटलेलं, डॅशबोर्ड तडकलेला. नागपूरची गाडी असेल तर हे सगळं थोडं जास्तच. आणि काचेचं रबर तडकलं की पहिल्याच पावसात पाणी आत येऊन मॅटखाली साचतं.

दुसरी गोष्ट मला एका म्हाताऱ्या डेंटरने दाखवली. सोलापूरहून मुंबईत आलेल्या एका गाडीच्या दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत त्याने वाकवलेली तार घातली आणि बाहेर ओढली. पाठोपाठ मूठभर माती पडली, मैद्यासारखी बारीक. पंचवीस-तीस वर्षांची धूळ. सोलापुरात ती नुसती बसून होती. मुंबईच्या हवेत तिचा स्पंज झाला आणि दोन पावसाळ्यांत, वर्षानुवर्षं टिकलेला पत्रा आतून पोखरला गेला. “वरून फुगा दिसला ना साहेब, म्हंजे आत काय उरलं नाय,” असं म्हणून त्याने पट्टीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. टण्ण आवाज यायला हवा तिथे ढब आला.

म्हणून घाटावरची गाडी खाली आणताना, पॉलिश राहू दे, आधी पोकळ्या साफ करून घ्या. दरवाजांच्या आणि पट्ट्यांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, हवेच्या पाइपने आत फुंका, धुवा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा आणि मगच आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं पातळ मेण, मारा. बरेच गॅरेजवाले त्याऐवजी जळकं ऑइल मारून देतात. ते गंज काही काळ थोपवतं, पण रबरी बुश फुगवतं आणि नवी धूळ धरून ठेवतं.

जूनमध्ये आठवलेलं अंडरबॉडी कोटिंग

पहिली सर आली की कोटिंगवाल्याकडे रांग लागते. माझ्या पद्मिनीलाही आधीच्या मालकाने असंच कुठेतरी डांबरी कोटिंग करून घेतलं होतं, पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावरच. वरून काळंभोर, खाली पाणी कोंडलेलं. पटाशी लावल्यावर ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं आणि त्याला चिकटून गाडीचा तळही.

हे काम एप्रिल-मेमधलं. सुटा गंज तारेच्या ब्रशने उजळ पत्रा दिसेपर्यंत काढायचा. खड्ड्यांत उरतो तेवढ्यावरच फॉस्फोरिक अॅसिडवालं कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला थोपवणारं रसायन. मग जस्ताचं प्रायमर, आणि ते पूर्ण वाळल्यावर कोटिंग. पापुद्र्यांवर ओतलेलं कन्व्हर्टर वरच्या थराला काळं करतं, खाली गंजाचं काम चालूच राहतं. पाणी जायची भोकं कोटिंगखाली बुजली नाहीत ना, हे स्वतः खाली वाकून बघा.

परदेशी व्हिडिओ बघून वेळापत्रक ठरवू नका. इंग्लंड-कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथले लोक हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतात. आपल्याकडे गाडीच्या विश्रांतीचे महिने जून ते सप्टेंबर. पुण्या-मुंबईचा हिवाळा तर ती चालवायचा मोसम.

रंग बघून सौदा

कुर्ल्याची पद्मिनी काय किंवा उत्तरपाड्याची अँबेसेडर काय, दोन्हींना वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दरवाजाखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा आणि फ्लोअर सडलेलं असेल तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न उरत नाही. फ्रीजवरचं छोटं मॅग्नेट मऊ कापडात गुंडाळून न्या. दरवाजांच्या खालच्या चार बोटांत आणि मागच्या चाकाच्या कमानीवर ते घसरलं, तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. डिकीतली स्टेपनी उचला. मॅट उचला, मी घरी आल्यावर उचललं, तुम्ही पैसे देण्याआधी उचला. नंबर प्लेटवर फार विसंबू नका: पुण्याचा एमएच-12 असलेली गाडी दहा वर्षं मालवणात उभी असू शकते. आरसी बुकावरचे मालकांचे पत्ते आणि जुनी सर्व्हिसची बिलं जास्त खरं बोलतात.

डेंटरकडे गाडी सोपवताना चॅसी नंबर कोरलेल्या जागेचा फोटो काढा आणि तिथे ग्राइंडर लावायचा नाही, असं बजावून सांगा. तो नंबर गेला तर आरटीओत तुमची गाडी तुमची आहे, हे सिद्ध करत बसावं लागेल.

रोज पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणं

यानं बॅटरीही धड चार्ज होत नाही. पेट्रोल जळताना वाफ होते, ती थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि सायलेन्सर आतून सडतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर चालवा. टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने गाडी उभी करू नका: रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होतं, आणि हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी आवडतं. ते तळाशी वेगळं होऊन बसलं की टाकीचा पत्रा तिथूनच गंज धरतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत तांबूस गाळ दिसू लागला, तर कार्ब्युरेटर पुन्हापुन्हा साफ करू नका, टाकी उतरवा.