जेव्हीपी बघताना या चुका टाळा

जेव्हीपी म्हणजे मानेतल्या ज्युग्युलर शिरेतला दाब; त्यावरून हृदयाच्या उजव्या एट्रियममधला (वरच्या कप्प्यातला) दाब कळतो. त्याच्या ए, सी, व्ही या लहरी आणि एक्स, वाय हे उतार घडाघडा म्हणता येतात, पण रुग्णाच्या मानेत काहीच दिसत नाही. याचं कारण बहुतेकदा एकच: सगळे उंचवटे शोधत बसतात. डोळ्याला आधी दिसतो तो उतार. निरोगी माणसात एक्स उतार वायपेक्षा ठळक असतो आणि शीर आत बसते ती सिस्टोलमध्ये, म्हणजे व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) आकुंचन पावताना. सी लहर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ती दिसली म्हणणाऱ्याने मान नाही, आकृती पाहिलेली असते.

सगळ्यात चिवट गैरसमज व्ही लहरीचा. व्ही म्हणजे व्हेंट्रिकलचं आकुंचन, असं पाठ करून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या वेळी ट्रायकस्पिड (उजव्या एट्रियम आणि व्हेंट्रिकलमधली) झडप बंद असते, शिरांमधून रक्त उजव्या एट्रियममध्ये येऊन साठतं आणि दाब चढतो, ती व्ही. शिखर दुसऱ्या हृदयध्वनीच्या आसपास येतं. मग झडप उघडते, रक्त खाली उतरतं, तो वाय उतार.

हे कच्चं राहिलं की कुठे नडतं ते पाहा. रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन, पायांना सूज, मानेत भलीमोठी लहर. कागदावर येतं: 'ए लहर ठळक'. अहो, ए लहर येते एट्रियमच्या आकुंचनाने; इथे एट्रियम नुसतं थरथरतंय, ए येणार कुठून? दुसऱ्या बाजूच्या कॅरॉटिडवर (मानेतल्या धमनीवर) हलकं बोट ठेवलं असतं, तर लहर नाडीबरोबरच उसळतेय हे कळलं असतं. एक्स उतार बुजलेला, सी आणि व्ही एकजीव झालेल्या, मागोमाग खडा वाय: ट्रायकस्पिड झडप गळतेय. म्हणून बोट कॅरॉटिडवर, डोळे मानेवर, आणि निदान दहा ठोके तरी घाई नको. मनगटाच्या नाडीवर वेळ जुळवू नका. ठोका तिथे उशिरा पोहोचतो.

दुसरी खोड 45 अंशांची. हा कोन सोयीचा आहे, पवित्र नाही. दाब फार वाढला की शिरेतल्या रक्तस्तंभाचं टोक जबड्यामागे जातं, मानेत हालचाल दिसत नाही आणि 'जेव्हीपी नॉर्मल' लिहून रुग्ण पुढे ढकलला जातो. त्याला सरळ बसवा, कानाची पाळी हलतेय का बघा. दाब कमी असेल तर उलट, आडवं करा. उंची मात्र नेहमी स्टर्नल अँगलपासून (छातीच्या हाडाच्या वरच्या भागातल्या उंचवट्यापासून) उभ्या रेषेत मोजायची, मानेच्या कलाने नाही. 3 सेंमीच्या वर गेली तर वाढलेली. एट्रियम त्या उंचवट्याच्या खाली असतं म्हणून त्यात 5 सेंमी मिळवतात, पण तो अंदाजे आकडा आहे. मिमी पारा हवा असेल तर बेरजेला 1.36 ने भागा; 8 सेंमी म्हणजे साधारण 6.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. बाहेरची ज्युग्युलर ठळक दिसते म्हणून तिच्यावर लहरी वाचू नका. उजवी आतली बघा. टॉर्च समोरून नको, तिरकी मारा. मानेचे स्नायू ताठ असतील तर उशी द्या. कॅरॉटिडशी गोंधळ झाला तर मानेच्या तळाशी हलका दाब द्या: शिरेची लहर नाहीशी होते, धमनीची नाही.

टॅम्पोनाड (हृदयाभोवती द्रव साठून हृदय दाबलं जाणं) आणि कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस (हृदयाचं आवरण ताठ होऊन हृदय आवळलं जाणं), दोन्हींत दाब चढलेला असतो. टॅम्पोनाडमध्ये वाय उतार जवळजवळ नाहीसा होतो, कन्स्ट्रिक्शनमध्ये तो खडा असतो. नुसती उंची लिहून थांबलात तर हा फरक कागदावर येतच नाही.