जुना एक्सबॉक्स मॉड करताय? आधी ईईप्रॉमची प्रत काढा

२००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सची (मायक्रोसॉफ्टचा गेम कन्सोल) मूळ हार्ड डिस्क आता कधीही मान टाकू शकते. त्यामुळे सॉफ्टमॉड (चिप न लावता फक्त सॉफ्टवेअरने मशीन खुलं करणं) करून डिस्क बदलणं हे आता हौसेपेक्षा डागडुजीचंच काम आहे.

सॉफ्टमॉड सोपं आहे. स्प्लिंटर सेल, मेकअसॉल्ट किंवा ००७ एजंट अंडर फायर यांपैकी एका गेमची मूळ डीव्हीडी घ्या, त्या गेमसाठीची खास सेव्ह फाइल मशीनमध्ये न्या, ती लोड करा आणि इन्स्टॉलर चालवा.

आता इथे थांबा. हार्ड डिस्कला हात लावू नका.

एक्सबॉक्सची डिस्क पासवर्डने कुलूपबंद असते. त्याची किल्ली बोर्डावरच्या ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमध्ये असते आणि प्रत्येक मशीनची वेगळी. सॉफ्टमॉडमध्ये मूळ बायॉस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) तसाच राहतो, म्हणून नव्या डिस्कलाही याच किल्लीने कुलूप लावावं लागतं. चिपची अख्खी प्रत भरते २५६ बाइट, आणि ती काढायला लागतो एक मिनिट. ‘नंतर काढली तरी चालते’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. मी तो ऐकला, आठवड्याभरात जुनी डिस्क बंद पडली आणि मशीन सुरूच होईना. नवी डिस्क लावली तर एरर ०५, म्हणजे डिस्कला कुलूप नाही. दुसऱ्या मशीनची कुलूपबंद डिस्क लावली तर ०६, म्हणजे कुलूप उघडत नाही. शेवटी बोर्डावर तारा सोल्डर करून चिप वाचावी लागली. प्रत निघाली की एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवून) लगेच कॉम्प्युटरवर घ्या, आकार २५६ बाइट आहे ना ते बघा आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. मशीनमधल्या डिस्कवरच ठेवलेली प्रत काही कामाची नाही. डिस्क गेली की तीही गेली.

कुणीतरी आधीच मॉड केलेलं मशीन घेतलं असेल तर जास्तच जपा. मॉडचिप (मूळ बायॉसच्या जागी दुसरा चालवणारी जोडचिप) असली की बिनकुलपाची डिस्कही चालते. ‘मूळ स्थितीत आणू’ म्हणून ती चिप काढली की पडद्यावर ०५ उभा. आधी कुलूप लावा, मग चिप काढा.

पुढचं सरळ आहे. मशीन प्लगमधून काढा, तळाचे सहा टी२० स्क्रू सोडवा (रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली असतात). पॉवर सप्लायच्या उघड्या बोर्डाला बोट लावू नका. नवी डिस्क तयार करून कुलूप लावा आणि बसवा.

बोर्ड उघडाच आहे तर घड्याळाचा कपॅसिटर बघा. मशीनच्या हार्डवेअरची १.६ आवृत्ती सोडली तर बाकी सगळ्यांत तो गळतो आणि खालच्या तांब्याच्या बारीक रेघा खातो. बुडाशी चिकट तपकिरी डाग दिसो वा न दिसो, काढूनच टाका आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मशीन त्याच्याविना चालतं. प्लग काढला की घड्याळ पुन्हा लावावं लागतं, एवढंच.

शेवटी एक्सबीएमसी हा मीडिया प्लेअर टाका. आजच्या कोडीचा पूर्वज तो हाच, २०१४ साली नाव बदललं. मॉड केलेल्या याच मशीनवर तो जन्मला. आजचा कोडी इथे चालत नाही, पण एक्सबीएमसी४एक्सबॉक्स ही वेगळी झालेली आवृत्ती चालते.