सिरॅमिक्स शिकायला जाताय? आधी एक वही घ्या

पहिल्या सेमिस्टरला मी सहा मग केले. भट्टी उघडली तेव्हा चार मगांचे कान सांध्यापाशी तडकले होते. मला रडू फुटलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "माती कुठली? आकसते किती? कान कधी जोडलास?" मला एकही उत्तर देता आलं नाही. म्हणून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वही घ्यायला सांगते.

नवी माती हाती आली की तिची पट्टी करा, साधारण १४ सेंमी लांब आणि १ सेंमी जाड. ओली असतानाच तिच्यावर नेमकी १० सेंमीची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, कच्च्या, म्हणजे पहिल्या भाजणीनंतर मोजा, ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) भाजणीनंतर पुन्हा मोजा आणि सगळं वहीत लिहा. शेवटी रेघ ८.८ सेंमी भरली, तर माती १२ टक्के आकसली. आता १० सेंमी उंचीचा मग हवा असेल तर १० ला ०.८८ ने भागा; चाकावर तो ११.४ सेंमीचा काढावा लागेल. या पट्टीवर, म्हणजे टाइलवर, नंबर लोखंडाच्या ऑक्साइडने घाला, पेनची शाई भट्टीत जळून जाते.

कानाचं कारणही यातच आहे. कान बारीक, तो आधी सुकतो आणि आधी आकसतो. मगाचं अंग अजून ओलंच असतं, त्यामुळे सगळा ताण सांध्यावर येतो. दोन्ही सारखे ओलसर असताना जोडा: दोन्हीकडे ओरखडे, मध्ये पातळ माती, घट्ट दाब. नंतर रात्रभर प्लॅस्टिकखाली ठेवा. मला हे धारावीच्या कुंभारवाड्यातल्या एका काकांनी करून दाखवलं. तिथे जरूर जा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि थोडा वेळ नुसतं बघत बसा.

भट्टी ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास सावकाश न्या, निवतानासुद्धा. तिथे मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं आणि चांगली भांडी चिरतात. वर्कशॉपमध्ये कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

कॉलेज निवडताना मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (१८५७पासूनचं), अहमदाबादचं एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन), जयपूरची आयआयसीडी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन), जिथे जमेल तिथे स्वतः जाऊन या. इमारत बघण्यापेक्षा मुलांना विचारा: भट्टी महिन्यातून किती वेळा लागते? ती विद्यार्थी स्वतः भरतात का? फसलेल्या टाइल्स ठेवायला जागा आहे का?

पोर्टफोलिओत फसलेली वस्तूही ठेवा, शेजारी वहीचं पान लावा. पुढे माझ्या एका मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं ते त्या तडकलेल्या मगांपैकी एकावर. त्याच्याखाली मी तारीख, माती आणि भट्टीचं तापमान लिहिलं होतं, आणि पुढच्या पानावर काकांच्या पद्धतीने केलेले सहा मग होते, सहाही कान शाबूत.