मूर्ती मोठी करताय? माती दीडपट आणू नका

घरी शाडूची मूर्ती करणाऱ्यांचं ठरलेलं असतं: यंदा उंची दीडपट, म्हणून मातीही दीडपट. मग गणपती तोंडावर आलेले असताना शाडू शोधत फिरावं लागतं.

1. नव्या उंचीला जुन्या उंचीने भागा. 8 इंचांवरून 12 इंच, म्हणजे 1.5.
2. रंगासाठी हा आकडा दोनदा घ्या: 1.5 × 1.5 = 2.25. रंगाची एक डबी लागली असेल तर आता सव्वादोन.
3. मातीसाठी तीनदा: 1.5 × 1.5 × 1.5 = 3.375. गेल्या वेळी 2 किलो लागली असेल तर आता पावणेसात किलो!

उंची दुप्पट केलीत तर रंग चौपट आणि माती आठपट, म्हणजे थेट 16 किलो. तेव्हा पाट किंवा चौरंग तेवढं पेलेल का, तेही आधीच बघा. (आणि विसर्जनाला उचलणार कोण, तेसुद्धा.)

हा हिशेब भरीव मूर्तीचा, आणि रुंदी-जाडीही उंचीच्याच प्रमाणात वाढवली तर. आतून पोकळ मूर्ती करताना मातीचा थर तेवढाच जाड ठेवणार असाल, तर मातीही साधारण रंगाच्याच पटीत धरा.