सॅम्पल काढण्याआधी लॅबला फोन करा
बेळगाव-खानापूरकडच्या पीएचडीवाल्यांनो, सिक्वेन्सिंगसाठी (डीएनए-आरएनएचा क्रम वाचून घ्यायला) बेंगळुरूला सॅम्पल पाठवताय? आधी लॅबच्या शास्त्रज्ञाशी बोला, मग सॅम्पल काढा. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात. प्रत्येक गटाचे किमान 3 स्वतंत्र नमुने ठेवा. एकाच नळीचे तीन वाटे केले तर ते तीन धरत नाहीत, गाइड काहीही म्हणोत. प्रोटिऑमिक्स, म्हणजे प्रथिनांची तपासणी, असेल तर बफरमध्ये (सॅम्पलच्या द्रावणात) काय घातलंय ते सांगा, कारण एसडीएस (साबणासारखं रसायन) राहिलं की मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, म्हणजे वस्तुमानावरून प्रथिनं ओळखण्याच्या पद्धतीचा, विचका होतो. आरएनए ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर), सोमवारीच पाठवा. डबा हवाबंद नको, गॅस साचून फुटतो. क्यूसीत (दर्जा तपासणीत) नापास झालेल्या सॅम्पलचे पैसे लागणार का आणि कच्च्या फास्टक्यू फाइली (सिक्वेन्सिंगचा मूळ डेटा) मिळणार का, हे कोटेशनवर लिहून घ्या.